इथून खोली चांगली दिसते

ज्या माणसाने मला सगळ्यात सरळ तोंडाने फसवलं, त्याच्याच घरी मी तीन वर्षं भाड्याने राहिले. आता कुणाला हे सांगितलं की म्हणतात, तू पण काय बाई! म्हणू देत. त्यांना तेव्हा पोंभुर्ण्यात खोली शोधावी लागली नव्हती.

मी वरोऱ्याची. वय तेवीस, पहिली नोकरी, हातात एक ट्रंक. शाळेच्या शिपायाने दोन घरं दाखवली. पहिल्या घरी चहासुद्धा आला. मग आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्या बाईंना एकदम आठवलं की त्यांच्याकडे नागपूरचे पाहुणे राहायला येणार आहेत. दुसऱ्या घरी माझ्या आडनावानंतर कौलं उतरवायचं काम निघालं. ती कौलं पुढच्या तीन वर्षांत उतरली नाहीत. मी रोज शाळेत जाताना मान वर करून पाहत होते. आमच्या घरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर असते, तर यांची कौलं का हलावीत, हे काही मला नवीन नव्हतं. पण संध्याकाळ होत आली होती आणि ट्रंक जड होती, त्यामुळे राग जरा जास्तच आला.

तिसरं घर पेंटरचं. त्यांचं नाव मला नंतर कळलं, पण गावात कुणी ते वापरत नव्हतं, मीही वापरणार नाही. सगळे पेंटरभाऊ म्हणत. पन्नाशीला आलेला, काटकुळा माणूस, खांद्यावर रंगाने कडक झालेला दुपट्टा, कोपरापर्यंत नीळ. त्यांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं ते असं, "तुमाले चष्मा आहे का, बाई?"

"नाही."

"मग या. इथी उभ्या राहा. इथून खोली चांगली दिसते."

उंबरठ्यावर गेरूचा एक ठिपका होता, त्यावर त्यांनी मला उभं केलं. समोरच्या भिंतीत छान मोठी खिडकी होती. सागवानी चौकट, गज, एक दार अर्धं उघडं, बाहेर मोहाचं झाड आणि झाडावर उतरतं ऊन. खिडकीच्या कट्ट्यावर पितळी तांब्यासुद्धा होता. मी म्हटलं, घेतली खोली.

सकाळी उकडायला लागलं म्हणून खिडकीचं दुसरं दार उघडायला गेले आणि माझी बोटं भिंतीवर आपटली. मी तांब्याला हात लावला. तोही भिंतच. मोहाचं झाड, ऊन, गज, सगळी भिंत. मी तशीच तरातरा अंगणात गेले.

"पेंटरभाऊ, खिडकी कुठे आहे?"

"तिथीच तर आहे. काल पाह्यली ना तुमी?"

"ती भिंत आहे!"

"मी कधी म्हटलो का उघडते म्हणून?" ते अगदी शांतपणे ब्रश धूत होते. "रातभर तुमी खोलीत होत्या. हात लावाले मी अडवलो का तुमाले? सगळं समोर ठेवलं होतं."

कपाळ माझं! त्यांची बायको चुलीजवळून म्हणाली, "मास्तरीणबाई, पहिल्यांदा मीबी त्या तांब्यात पाणी भराले गेली होती. या, चहा घ्या." तिला मी पुढे मावशी म्हणायला लागले. त्या सकाळी मी मनातल्या मनात हिशेब केला तो एवढाच, की त्या दोन घरांनी मला लपवून फसवलं आणि यांनी दाखवून. मी राहिले.

पेंटरभाऊ नाटकाचे पडदे रंगवत आणि शिडीवर चढून स्वतःच टांगत. आमच्या झाडीत, म्हणजे चंद्रपूरकडच्या या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात, शंकरपटाच्या शर्यतीच्या बैलांसोबत नाटकही ठरलेलंच, आणि नाटक म्हटलं की पडदे. त्यांच्याकडे पाच होते. महाल, जंगल, गावचा रस्ता, देऊळ आणि तुरुंग. झाडीतलं कुठलंही नाटक या पाचांत बसतं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सहावा पडदा मागणाऱ्या लेखकाला ते "तुमचं नाटकच चुकलं" असं तोंडावर सांगत. मांजरपाट शिवून, खळ देऊन, बांबूच्या चौकटीवर ताणला की ते आधी रंगाला हात लावत नसत. कापडाच्या मधोमध एक खिळा ठोकत. त्या खिळ्याला दहा-बारा सुतळ्या बांधत, निळीत बुडवत, एकेक ताणून टणकन सोडत. कापडावर रेघा उमटत. महालाचे खांब, रस्त्याच्या कडा, तुरुंगाच्या फरशा, सगळं त्या खिळ्याकडे धावत जायचं.

"सगळं जग या खिळ्याले बांधलं आहे," ते म्हणत. "खिळा काढला तरी जग तिथीच जाते."

त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पडद्याला मधोमध एक भोक असे. नाटकवाले तक्रार करत. ते म्हणत, भोक लपवलं तर ती लबाडी होईल. हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते दिवसातून चारदा ऐकावं लागे. फसवायचं तर दाखवून. सगळं उजेडात मांडायचं, पाहणाऱ्याला बोलावून नीट जागेवर उभं करायचं, आणि मग तो फसला तर तुमची कला. अंधारात लपवून तर कुणीही फसवतो, त्यात काय मोठेपणा?

दुसरा पाठ म्हणजे, "एक डोळा मिटून पाहा." हे ते सगळ्यांना सांगत. मला, मावशीला, नाटकाच्या मालकाला, दूध घालायला आलेल्या गवळ्याला. एक डोळा मिटला की पडद्यातला रस्ता खरोखर आत जातो. मी करून पाहिलं, जातो. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की कापड कापडच राहतं. "दोन डोळे म्हणजे दोन साक्षीदार, बाई. एकमेकाले खोटं पाडतात. एकच साक्षीदार ठेवा, तो म्हणीन तेच खरं." आम्ही हसायचो. कलावंत म्हटला की असली काहीतरी खोड असायचीच, असं आम्ही गृहीत धरलं होतं.

आमच्या शाळेत ते आठवड्याला चार तास चित्रकला शिकवत, तासिकेवर. पहिल्या दिवशी फळ्यावर दूर जाणारी बैलगाडीची चाकोरी काढत आणि तिच्यावर दोन कोंबड्या, एक जवळ, एक दूर. "कोणती मोठी?" अख्खा वर्ग ओरडे, दूरची! मग पट्टी लावून दाखवत की दोन्ही सारख्या. एकदा हेडमास्तर तपासणीला आले. त्यांनी स्वतः पट्टी लावली, दोन्ही चार-चार इंच भरल्या. हेडमास्तर मागे सरकले, पुन्हा फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तरीपण दूरची जरा मोठीच आहे." पेंटरभाऊंना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांनी घरी येऊन मावशीला ते दोनदा करून दाखवलं, हेडमास्तरांच्या आवाजासकट.

गावात तेव्हा टीव्ही एकच, बिडीपत्त्याच्या ठेकेदारांकडे. तीन बांबू एकाला एक बांधून त्यावर अँटेना, आणि एवढं करूनही चित्रात मुंग्या. आठवड्यातून एका संध्याकाळी गुप्तहेराची मालिका लागे आणि अर्धं गाव त्या ओसरीवर जमे. मी तर वेडीच होते तिच्यासाठी. दर वेळी पहिल्या दहा मिनिटांत मी खुनी ठरवायची आणि दर वेळी चुकायची, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच तोरा.

पेंटरभाऊ टीव्हीला शिव्या घालत आणि एकही भाग चुकवत नसत. ओसरीच्या अगदी डाव्या टोकाला, खांबाला डावा खांदा लावून बसत. आणि खुनी कोण ते मोठ्याने सांगून टाकत. "तो माळी." झालं, सगळ्यांचा विरस. शेवटी माळीच निघे! ठेकेदारांच्या आईने वैतागून असा नियमच केला की मालिका सुरू होण्याआधी पेंटरच्या हातात गरम चहाची बशी द्यायची, म्हणजे तोंड गुंतून राहील. तरी ते फुंकर मारता मारता सांगतच.

"तुम्हाला कळतं कसं हो?" मी एकदा घरी जाताना विचारलं. ते नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या बाजूला येऊन चालत होते.

"सोपं आहे. टीव्हीवाला जिकडे पाहू देत नाई, तिकडे पाहा. सगळ्याईचे चेहरे जवळून दाखवले, अन् माळी दोनदा मागून निघून गेला. मग हा काऊन निघून गेला? याचं तोंड काऊन नाई दाखवत?"

"म्हणजे तुमच्यासारखीच त्याची कला."

ते रस्त्यात थांबले. इतके दुखावले की मला कळेना काय बोलले. "माझ्यासारखी? बाई, मी कोणाले तोंड फिरवाले लावतो का? मी म्हणतो, या, इथी उभे राहा, चांगल्या उजेडात पाहा. हा तर हात धरून दुसरीकडे नेते!"

मग एका आठवड्याला कहर झाला. बंद खोलीत शेटजींचा खून. गुप्तहेराने मेलेल्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढली, स्वतः वाचली, मान हलवली आणि स्वतःच्या खिशात घातली. आम्हाला दाखवली नाही. शेवटी सगळ्यांना गोळा करून तीच चिठ्ठी काढून वाचली, तिच्यात खुन्याचं नाव होतं. ओसरीवर वा वा झाली. पेंटरभाऊ ताडकन उठले, बशी उलटली.

"बेइमानी! सरासर बेइमानी! आमाले चिठ्ठी दाखवली का यानं?"

"अहो भाऊ, बसा, नाटक आहे ते," ठेकेदार म्हणाले.

"नाटक मले सांगता का जी? मी पडदेवाला आहे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिल्लीच्या दूरदर्शनला कार्ड टाकलं. मीच लिहून दिलं, हिंदीत, कारण त्यांचं म्हणणं होतं की दिल्लीला मराठीत रागावलेलं कळत नाही. आशय असा, की आपल्या गुप्तहेराने एक चिठ्ठी प्रेक्षकांपासून लपवली, तरी पुढील भागापासून पुरावा आधी प्रेक्षकांस दाखवावा, मग गुप्तहेरास. दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं, धन्यवादाचं. त्यांनी ते खळीने भिंतीला चिकटवलं आणि भोवती लाकडी नक्षीची चौकट रंगवली, खिळ्यासकट. येणारे-जाणारे ती चौकट तिरकी झाली म्हणून सरळ करायला जात. ती त्यांनी मुद्दामच तिरकी काढली होती.

हे सगळं हसण्यावारी होतं. मग शाळेला चित्रकलेची कायम जागा मंजूर झाली.

हेडमास्तरांचा कल पेंटरभाऊंकडेच होता. कोंबड्यांचा राग त्यांनी धरला नव्हता. कागदपत्रं झाली, फक्त चंद्रपूरला जाऊन सरकारी डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला आणायचा राहिला. घरात आनंदीआनंद असायला हवा होता, पण मावशी ताटावरून अर्धवट उठायला लागली. एका दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि त्या खोट्या खिडकीखाली टेकून बसली.

"बाई, तुमी त्याईच्या संगं चंद्रपूरले जा."

"का? भाऊ काय लहान आहेत?"

"त्याईले डाव्या डोळ्यानं दिसत नाई."

मला आधी समजलंच नाही. मावशी म्हणाली, दहा वर्षांचे असताना विटीदांडूची विटी लागली. डोळा फुटला नाही, पांढरा झाला नाही, दिसायला अगदी धड राहिला, फक्त आतून बंद झाला. "तुमच्या या खिडकीसारखा," ती म्हणाली आणि मागच्या भिंतीवर हात थापटला.

मी कपाळाला हात लावला. दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहत होते. चहा ओतताना ते किटली आधी कपाच्या काठाला टेकवत, मग ओतत. चालताना नेहमी माझ्या डावीकडे येत, म्हणजे मी त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर राहावी. ओसरीवर डावी बाजू खांबाला. आणि वर दिवसभर सगळ्या गावाला सांगत होते, एक डोळा मिटून पाहा! सगळं समोर मांडून ठेवलं होतं. मी टीव्हीवरचे खुनी शोधत होते, मी मोठी हुशार.

"गावाले सांगतलं नाई. काण्या पेंटरले पडदा कोण देईन?" मावशी म्हणाली. "पण मले पडद्याचं भेव नाई, शिडीचं आहे. एका डोळ्यानं पायरी कुठी आहे ते समजत नाई. तुमी इथी येण्याच्या आधीच्या साली ते पडले, मनगट मोडलं. मले म्हणतात, पायरी होती तिथी नव्हती. दर दिवाळीले ते गाडीत पडदे टाकून जातात अन् मी होळीपर्यंत इथी बसून राहते, कोण कधी निरोप आणते म्हणून. शाळेत शिडी नसते, बाई. ही नोकरी लागली तर माझा माणूस जमिनीवर राहीन."

सरकारी नोकरीला दोन्ही डोळे लागतातच का, नियम काय होता, मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण गावात सगळे तसंच म्हणत आणि आम्हीही तेच धरून चाललो. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळणारी मी, मी मावशीला म्हटलं, काही काळजी करू नका, मी जाते.

पेंटरभाऊंनी मात्र तयारी कधीच सुरू केली होती. आता मलाही कळलंय म्हटल्यावर त्यांनी आरशासमोरचा सराव अंगणात आणला. उजव्या हाताने डावा डोळा झाकायचा आणि वाचायचं. मग हात खाली. मग दुपट्ट्याने सावकाश तोंड पुसायचं. मग डावा हात वर, आणि पुन्हा डावाच डोळा झाकायचा.

"हात बदलला की माणसाले वाटते डोळा बदलला," ते म्हणाले. "अन् दुपट्टा मधात. खरं काम दुपट्ट्यात आहे."

मी उंबरठ्यावरच्या ठिपक्यावर उभी राहून पाहिलं. माहीत असूनही मी फसले. मावशी पहिल्यांदाच हसली.

चंद्रपूरला आम्ही सकाळी दहाला पोचलो. दवाखान्यात डोळे तपासणारा एक मदतनीस होता, रजिस्टरात तोंड खुपसून बसलेला. "डावा झाका, वाचा." पेंटरभाऊंनी वाचलं. "उजवा झाका, वाचा." दुपट्टा फिरला, हात बदलला, काय सुंदर बदलला! पुन्हा सगळ्या ओळी खालपर्यंत. मदतनिसाने लिहिलं, दोन्ही ठीक. "बाहेर बसा, साहेबांची सही होऊन येईल."

बाहेर बाकावर पेंटरभाऊ सारखे मागे वळून दाराकडे पाहत होते. मी म्हटलं, "झालं की हो, भाऊ! आता मावशीला पेढे न्यायचे."

"त्यानं पाह्यलंच नाई."

"कुणी?"

"त्या माणसानं. मान वर केली का एकदा तरी? मी डोळा झाकला का कान झाकला, त्याले काय माहीत?"

"बरं झालं ना मग!"

"बरं काय झालं? फसला कुठी तो? पाह्यलंच नाई तर फसन कसा?"

"भाऊ, गपचूप बसा. हात जोडते तुम्हाला."

ते बसले. पाच मिनिटं बसले असतील. मग उठले आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत. मी मागे धावले. टेबलावर दाखला होता, सही झालेली, शाई अजून ओली.

"साहेब, एक मिनिट. माझे डोळे तुमी स्वतः पाहा."

डॉक्टर तरुण होते, थकलेले. "तपासलेत ना? दोन्ही ठीक आहेत."

"त्यानं पाह्यलं नाई. तुमी पाहा. नाई नाई, तिथून नाई. इथी उभे राहा, इथून चांगलं दिसते."

मी त्यांचा दुपट्टा मागून ओढला. त्यांनी सोडवून घेतला, तो लागणार होता. डॉक्टर बिचारे उठले, दाखवलेल्या जागी उभे राहिले, हाताची घडी घालून टक लावून पाहायला लागले. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, ती खिडकी खरी होती. उजवा हात, ओळी. दुपट्टा. डावा हात, ओळी. डॉक्टर हसले. "उत्तम. या वयात फार छान डोळे आहेत. झालं समाधान?"

"साहेब, मी कोणता डोळा झाकलो?"

"आधी डावा, मग उजवा."

"नाई. दोन्ही टाइम डावा."

डॉक्टर आधी हसलेच. मग हसायचे थांबले. मग म्हणाले, "परत करा." पेंटरभाऊंनी परत केलं, या वेळी जरा सावकाश, शिकवावं तसं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी खाली बसून दाखल्यावर आडवी रेघ मारली, नवा कागद घेतला आणि डाव्या डोळ्याबद्दल जे खरं होतं ते लिहिलं. "मला लिहावं लागेल, काका," ते म्हणाले. पेंटरभाऊ म्हणाले, "हाव जी, लिहा. तुमी पाह्यलं ना, मग लिहा."

एसटीत ते नेहमीप्रमाणे डावा खांदा खिडकीला लावून बसले. अर्ध्या रस्त्यात मी जे बोलायला लागले ते सगळ्या गाडीने ऐकलं. तुम्ही वेडे आहात, तुम्हाला बायकोची पर्वा नाही, सही झाली होती, सही! ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तो दाखला घेऊन आलो असतो तर त्या चिठ्ठीवाल्यात अन् माझ्यात फरक काय राह्यला असता? न दाखवता झालं असतं ते."

"फरक गेला खड्ड्यात!"

"डॉक्टर शिकलेला माणूस," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "समोर उभा होता, चांगल्या उजेडात. फसवलं मी त्याले." त्यांचा चेहरा इतका तृप्त होता की मला त्यांना बसमधून ढकलावंसं वाटलं.

मावशी अंगणात खळ ढवळत होती. त्यांनी तिला सगळं करून दाखवलं, डॉक्टरांच्या हाताच्या घडीसकट, हेडमास्तरांच्या वेळी दाखवलं होतं तसंच. ती ढवळत राहिली. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "डॉक्टरले फसवलं तुमी. आता शिडीले फसवून दाखवा."

पेंटरभाऊंच्या हातातला दुपट्टा तसाच राहिला.

मावशी दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी द्यायची, सगळं माझ्यामार्फत. "बाई, त्याईले म्हणा भात आहे." दिवाळी झाली, बैलगाडी आली, पडद्यांच्या गुंडाळ्या चढल्या. आणि मावशी आपलं गाठोडं घेऊन बाहेर आली, गाडीत चढली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची बाई, कधी गावाच्या पुढे गेलेली नाही. त्यांनी विचारलं, "तू कुठी?" तेव्हा ती त्यांच्याशी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलली. "शिडी धराले," ती म्हणाली. घराची किल्ली माझ्याकडे टाकली आणि गाडी गेली. होळीला दोघं धडधाकट परत आली. मावशीचा आवाज बसला होता. म्हणे, रोज खालून ओरडते, पायरी आहे, पायरी आहे, आता नाई.

ती कायम जागा मग दुसऱ्या कुणाला मिळाली. नागपूरकडचे गृहस्थ, डिप्लोमा झालेले, दाखल्यावर दोन्ही डोळे ठीक. माणूस वाईट नव्हता, पण मी त्यांच्याशी सरळ बोलले नाही. दूरची वस्तू लहान काढायची असते एवढं ते पोरांना नीट शिकवत, आणि पोरं विचारत, सर, कोंबड्या कधी?

त्याच उन्हाळ्यात मला वरोऱ्याच्या शाळेत जागा मिळाली. ट्रंक भरून मी अंगणात आणली, मावशीच्या गळ्यात पडून रडले, पेंटरभाऊंच्या पाया पडायला गेले तर ते "हट्, हात निळे होतील" म्हणून मागे सरले. तेवढ्यात फाटकाशी तेच डिप्लोमावाले गृहस्थ उभे. खोली रिकामी होते असं ऐकलं, म्हणाले.

"या ना," पेंटरभाऊ म्हणाले. "तुमाले चष्मा आहे का?"

"छे छे. डोळे एकदम ठणठणीत आहेत माझे. दाखला आहे."

"मग इथी उभे राहा. इथून खोली चांगली दिसते."

गृहस्थ उंबरठ्यावरच्या गेरूच्या ठिपक्यावर उभे राहिले. ऊन उतरत होतं. त्यांनी दोन्ही डोळ्यांनी खोली नीट न्याहाळली, समोर पाहून मान डोलावली आणि म्हणाले, "वा! खिडकी चांगली मोठी आहे. हवा येईल."

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मावशीने पदराआड हसू दाबलं. पेंटरभाऊंनी त्या गृहस्थांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. डावा. उजवा ते कशाला मिटतील, त्यांना त्या गृहस्थांचा फसलेला चेहरा पूर्ण पाहायचा होता.